न समजणारे बोलणे : प्रार्थनेतले आणि आजारातले

वस्तीत आरोग्य तपासणीसाठी फिरताना आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "सिस्टर, आमची जाऊ प्रार्थनेला जाते. तिथे ती कुठल्या तरी वेगळ्याच भाषेत बोलायला लागते. शाळेत चौथीच्या पुढे गेली नाही, मग ही भाषा शिकली कुठे? डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना?" विचारणारीचा सूर कधी चेष्टेचा असतो, कधी काळजीचा. काही घरांत यावरून अबोला धरला जातो, सून माहेरी पाठवण्यापर्यंत गोष्ट जाते.

दुसरा अनुभव याच्या उलट आहे. "आमचा म्हातारा कालपासून काहीच्या बाही बरळतोय. बाहेरचं असेल म्हणून अंगारा लावला," असे सांगत पेशंटला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आणतात. वॉर्डात काम करताना असे पेशंट आम्ही अनेक वेळा पाहिले. तोपर्यंत मेंदूचे व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते.

वरवर पाहता दोन्हीकडे एकच घडते. माणूस बोलतो आणि कोणाला काही कळत नाही. पण पहिल्या बाईला बहुधा डॉक्टरची गरज नसते आणि दुसऱ्या माणसाच्या बाबतीत एक तासही वाया घालवायचा नसतो. आपण मात्र नेमके उलटे वागतो. निरोगी बाईला वेडी ठरवतो आणि आजारी माणसाला घरी ठेवतो. हा फरक घरातल्या कोणालाही ओळखता यावा, म्हणून या वेळचे पान.

"अन्य भाषा" म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्मातल्या पेंटेकोस्टल आणि त्यासारख्या पंथांत प्रार्थना करताना काही भाविक न समजणारे शब्द भराभर बोलू लागतात. मराठी ख्रिस्ती लोक याला "अन्य भाषेत बोलणे" म्हणतात. पवित्र आत्म्याने दिलेले हे वरदान आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. अभ्यासक यासाठी "ग्लॉसोलालिया" हा शब्द वापरतात. ग्रीक भाषेत ग्लोसा म्हणजे जीभ किंवा भाषा आणि लालिया म्हणजे बोलणे.

बायबलमध्ये याचे दोन प्रकार दिसतात. "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येशूचे शिष्य यरुशलेममध्ये बोलू लागतात आणि देशोदेशीहून आलेल्या लोकांना आपापली भाषा ऐकू येते. म्हणजे ही खरी, कोणाला तरी समजणारी परकी भाषा. करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात मात्र वेगळे चित्र आहे. तिथले लोक जे बोलत ते कोणालाच कळत नसे. म्हणून पौलाने नियम घालून दिला. सभेत दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावे आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे. सभेला कळेल असे बोलणे अधिक उपयोगाचे, असे त्याचे मत होते.

हा फरक लक्षात ठेवू या. न शिकलेली खरी भाषा बोलणे ही एक गोष्ट आणि कोणालाच न कळणारे बोलणे ही वेगळी गोष्ट. पुढचा बराच गोंधळ या दोन्ही एक समजल्यामुळे झाला.

टोपेका, लॉस एंजेलिस आणि आपले केडगाव

आजच्या पेंटेकोस्टल चळवळीची सुरुवात बहुतेक वेळा १ जानेवारी १९०१ पासून सांगतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात टोपेका गावी चार्ल्स पारहॅम नावाचे उपदेशक बायबल शाळा चालवत. तिथली विद्यार्थिनी ॲग्नेस ओझमन अन्य भाषेत बोलली आणि ती चिनी भाषा आहे असे सांगितले गेले. पारहॅम यांची अशी खात्री होती की या खऱ्याखुऱ्या परदेशी भाषा आहेत. आता मिशनऱ्यांना भाषा शिकण्यात वर्षे घालवायला नकोत, थेट त्या देशात जावे आणि बोलू लागावे.

पारहॅम यांच्याकडे शिकायला आलेले विल्यम सीमोर हे कृष्णवर्णीय उपदेशक होते. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. ह्यूस्टन शहरातल्या वर्गात वर्णभेदाच्या नियमामुळे त्यांना गोऱ्यांबरोबर बसता आले नाही, वर्गाबाहेर बसून ऐकावे लागले. वर्गाबाहेर बसून शिकणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. याच सीमोर यांनी १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत सभा सुरू केल्या. तिथे काळे आणि गोरे, बाया आणि पुरुष, मोलकरणी आणि शिकलेले लोक एकत्र प्रार्थना करत. त्या काळच्या अमेरिकेत हे अनोखे होते. ज्यांना कुठल्याच सभेत बोलू दिले जात नव्हते, त्यांना तिथे सर्वांदेखत तोंड उघडता आले. या चळवळीचे आकर्षण समजून घ्यायचे तर ही बाजू विसरून चालणार नाही.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही हे घडत होते. पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन होते. विधवा, टाकलेल्या स्त्रिया आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुली तिथे राहत. १९०५ साली तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. पुढच्या एक-दोन वर्षांत मुली अन्य भाषेत बोलल्याच्या नोंदी झाल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या लाटेवर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशापर्यंत पोचली आणि तिथल्या चळवळीला तिने चालना दिली.

इंग्रजी न शिकलेली एक मुलगी इंग्रजीत प्रार्थना करू लागली, असेही मुक्तीबद्दलच्या त्या वेळच्या मिशनरी वृत्तांतात आहे. यावर विचार करताना एवढे ध्यानात घ्यावे की मुक्तीत परदेशी कार्यकर्त्या राहत होत्या. इंग्रजी प्रार्थना मुलींच्या कानांवर पडत होत्या. कानांवर पडलेले आपण विसरलो असे वाटते, पण ते मनात कुठेतरी साठून राहते आणि भावनेच्या भरात बाहेर येते. न शिकवता पाठ झालेल्या जाहिराती आपल्या घरातली लहान मुले म्हणतातच की.

पारहॅम यांच्या कल्पनेची खरी परीक्षा आपल्याच देशात झाली. अझुसा स्ट्रीटच्या सभांमध्ये अन्य भाषा मिळालेले आल्फ्रेड गार हे पत्नी लिलियनसह १९०७ च्या सुरुवातीला कोलकात्यात काम करत होते. आपल्याला बंगाली भाषा मिळाली आहे, अशी त्यांची समजूत होती. बंगाली लोकांना त्यातले काही कळले नाही. इतर देशांत गेलेल्या मिशनऱ्यांनाही असाच अनुभव आला. त्यांनी श्रद्धा सोडली नाही, पण हळूहळू चळवळीने आपली समजूत बदलली. अन्य भाषा ही परदेशी भाषा नसून देवाशी बोलण्याची प्रार्थनेची भाषा आहे, असे बहुतेक जण मानू लागले.

भाषाशास्त्र काय म्हणते?

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातले विल्यम समारिन हे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी अनेक देशांतल्या सभांना हजेरी लावली, बोलणे टेप केले, एकेक ध्वनी लिहून काढला आणि १९७२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे निष्कर्ष आपल्याला सोप्या शब्दांत असे सांगता येतील.

पहिला, बोलणाऱ्याच्या अन्य भाषेत त्याला आधीच येत असलेल्या भाषांतलेच ध्वनी असतात. त्याच्या जिभेने कधी न उच्चारलेला ध्वनी सहसा येत नाही. दुसरा, बाराखडीतल्यासारखी साधी अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा एक व्यंजन, एक स्वर. तिसरा, सूर, थांबे आणि चढउतार अगदी खऱ्या बोलण्यासारखे असतात, म्हणून ऐकणाऱ्याला वाक्येच चालली आहेत असे वाटते. चौथा आणि महत्त्वाचा, अमुक शब्द म्हणजे अमुक वस्तू अशी जोडणी सापडत नाही.

भाषा होण्यासाठी ही जोडणी लागते. "पाणी" म्हटले की मराठी माणसाला पाणीच आठवते, आज आणि उद्याही. "पाणी दे" आणि "पाणी दिले" यात कोण, कधी, काय हे व्याकरणातून कळते. अन्य भाषेत सूर आहे, लय आहे, अक्षरे आहेत, पण ही जोडणी आणि हे व्याकरण नाही. म्हणून समारिन यांनी तिला बाहेरून भाषेसारखी दिसणारी रचना म्हटले.

याचा अर्थ ती निरर्थक बडबड, असा काढायची घाई करू नये. शास्त्रीय गायनातला तराणा आठवा. "तोम", "तन", "दिर" अशा बोलांवर गायक गातो. त्या बोलांना शब्दकोशातला अर्थ नसतो, तरी ऐकणाऱ्याच्या मनाला काहीतरी पोचते. सहा-सात महिन्यांचे बाळ "बाबाबा, दादादा" करते तेव्हा त्यालाही शब्द येत नसतात, पण त्याचा आनंद आईला कळतो. अर्थाशिवाय भावना पोचवण्याची ताकद आवाजात आहे आणि ती आपल्या सर्वांजवळ आहे.

आपण नवी भाषा बनवायला गेलो तरी आपलीच भाषा त्यात कशी डोकावते, याचे जिनिव्हातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. हेलेन स्मिथ या टोपणनावाने ओळखली जाणारी एक बाई समाधी लागल्यावर मंगळावरची भाषा बोलत असे. आपण पूर्वजन्मी हिंदुस्थानात राजकन्या होतो असे सांगून ती संस्कृतसारखेही काही बोले. मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लूर्न्वा यांनी पाच-सहा वर्षे तिचे निरीक्षण करून १९०० साली पुस्तक लिहिले. मंगळाच्या भाषेत शब्द नवे होते, पण वाक्यरचना सरळसरळ फ्रेंच होती. फ्रेंच ही तिची रोजची भाषा. तिचे संस्कृत तपासायला फर्दिनां द सोस्यूर हे मोठे भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांना ते खरे संस्कृत वाटले नाही.

आपण लहानपणी बोललेली "च"ची भाषा अशीच. "मला"चे "चलाम" आणि "कुठे"चे "चठेकु". शेजारच्याला ती चिनी वाटते, पण आतून ती मराठीच असते. हेलेन स्मिथ लबाडी करत होती असे फ्लूर्न्वा यांना वाटले नाही. तिच्या नकळत तिचे मन हे घडवत होते, असे त्यांचे म्हणणे होते. अन्य भाषेबद्दलही हाच विचार ठेवावा. भाषेचा दावा तपासल्यावर टिकत नाही, पण म्हणून बोलणारी बाई खोटारडी ठरत नाही.

मग हे वेड आहे का?

नाही. पूर्वी काही डॉक्टर याकडे मनोविकार म्हणून पाहत. प्रत्यक्ष तपासणी सुरू झाल्यावर हे मत मागे पडले. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन किल्डाल यांनी १९७२ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. अन्य भाषा बोलणारे लोक न बोलणाऱ्यांपेक्षा मानसिकदृष्ट्या अधिक आजारी आढळले नाहीत. हे बोलणे सुरू होण्यात ज्याच्यावर भरवसा आहे अशा नेत्याचा आणि गटाचा वाटा मोठा असतो, असे मात्र त्यांना दिसले. एकच टेप त्यांनी अर्थ सांगणाऱ्या वेगवेगळ्या लोकांना ऐकवली, तेव्हा त्यांनी सांगितलेले अर्थ एकमेकांशी जुळले नाहीत.

हे बोलणे शिकता येते का? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी असे बोलणे पूर्वी ऐकले नव्हते अशा ६० जणांना एक मिनिटाचा नमुना ऐकवला आणि तसे बोलायला सांगितले. सुमारे २० टक्के लोक पहिल्याच प्रयत्नात सफाईने बोलले. ज्यांना थोडे शिकवले, त्यांच्यातले सुमारे ७० टक्के बोलू लागले. प्रयोगशाळेत ना संगीत होते, ना प्रार्थना, ना श्रद्धा. म्हणजे ही क्षमता माणसाच्या जिभेत आणि मेंदूतच आहे.

यासाठी समाधी लागावी लागते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मानववंशशास्त्रज्ञ फेलिसिटास गुडमन यांनी मेक्सिकोतल्या स्पॅनिश आणि माया भाषिकांच्या मंडळ्यांत टेप केले. भाषा वेगळ्या असूनही सूर सारखाच चढत होता, शिखराला पोचत होता आणि उतरत होता. मन बदललेल्या अवस्थेत जाते म्हणून असे होते, असे त्यांचे मत. समारिन यांना ते पटले नाही, कारण बरेच लोक शांतपणे, काम करता करताही असे बोलतात. आमच्या मते दोन्ही प्रकार दिसतात. पहिल्यांदा बोलताना बाई थरथरते, रडते, घामाघूम होते. सवय झाल्यावर तीच बाई भाकरी थापताना हळू आवाजात बोलते आणि दारात कोणी आले की थांबून "या, बसा" म्हणते.

हे थांबणे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डॉ. अँड्र्यू न्यूबर्ग यांनी २००६ साली पाच स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. भक्तिगीत गाताना आणि अन्य भाषेत बोलताना मेंदूच्या कोणत्या भागात रक्तप्रवाह किती, याची त्यांनी तुलना केली. अन्य भाषेत बोलताना कपाळामागच्या भागातले काम कमी झाले. हा भाग आपल्याला ठरवून वागायला आणि स्वतःवर ताबा ठेवायला मदत करतो. "मी बोलत नाही, माझ्याकडून बोलले जाते," असे त्या बायका सांगतात, त्याच्याशी हे जुळते. याच डॉक्टरांनी २००१ साली तिबेटी परंपरेने ध्यान करणाऱ्या आठ बौद्ध साधकांचे स्कॅन प्रसिद्ध केले होते. त्यांच्यात याच भागाचे काम वाढलेले दिसले. ध्यानात माणूस लक्ष एकवटतो, इथे तो स्वतःला सोडून देतो. पाच आणि आठ माणसे म्हणजे फार लहान अभ्यास, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. पण त्या बायका नाटक करत नसतात, एवढे समजायला याची मदत होते.

आपल्या पाली गाथांचे काय?

काही तरुण आम्हाला विचारतात, "विहारात आपण पाली गाथा म्हणतो, त्याही बऱ्याच जणांना समजत नाहीत. मग फरक काय?" प्रश्न रास्त आहे. फरक असा की पाली ही भाषा आहे. तिला व्याकरण आहे, शब्दकोश आहे. बाबासाहेबांनीही पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले. गाथेतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता येतो आणि उद्या विचारला तरी तोच असतो. पण अर्थ न समजता नुसते म्हणत राहिलो, तर आपल्यापुरता तो फरक उरत नाही. मुलांना गाथा पाठ करून घेताना अर्थही सांगावा, हे बरे.

आजारातले न समजणारे बोलणे

आता दुसरी बाजू. १८६१ मध्ये फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी आणि १८७४ मध्ये जर्मनीत कार्ल वर्निके यांनी मेंदूतल्या भाषेच्या जागा दाखवून दिल्या. बहुतेक माणसांत त्या मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. ब्रोकांच्या जागेला इजा झाली तर पेशंटला शब्द सुचत नाहीत, तो अडखळतो. वर्निकेंच्या जागेला इजा झाली तर प्रकार फसवा होतो. पेशंट भराभर बोलतो, सूर नेहमीचा असतो, पण शब्द भलतेच किंवा नव्याने बनलेले असतात. आपण चुकीचे बोलतो हे त्याला कळत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही समजत नाही. हातपाय मात्र बऱ्याचदा नीट चालतात. त्यामुळे हा लकवा आहे हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही. "वेड लागले" किंवा "बाहेरचे झाले" असे वाटते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन देता येते. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. अंगारा लावून सकाळची वाट पाहिली की ही संधी गेली.

लकव्याशिवाय आणखी कारणे आहेत. मधुमेहाच्या पेशंटने इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जेवला नाही, तर साखर उतरून तो बरळतो. मेंदूज्वर, मलेरिया किंवा जोराच्या तापात भ्रम होतो. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग किंवा अंगातले मीठ कमी होणे, एवढेही पुरते. रोज दारू पिणाऱ्याने अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, नसलेले किडे दिसणे आणि बडबड सुरू होते. यातही जीव जाऊ शकतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडून बाई असंबद्ध बोलू लागली, तर तिला आणि बाळाला, दोघांनाही धोका असतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात बोलणे आठवड्यामागून आठवडे विस्कटत जाते आणि त्याबरोबर संशय, कानात आवाज येणे, अंघोळ-जेवणाचे भान सुटणे अशी लक्षणे दिसतात.

घरच्या घरी कसे ओळखावे?

चार गोष्टी पाहाव्यात.

एक, कुठे आणि कधी? प्रार्थनेच्या वेळी, ठरावीक लोकांत, ठरावीक पद्धतीने बोलणे होत असेल तर ते बहुधा श्रद्धेचे. चुलीपुढे, शेतात, झोपेतून उठल्यावर अचानक सुरू झाले तर आजार समजावा.

दोन, थांबवता येते का? हाक मारल्यावर, प्रार्थना संपल्यावर माणूस थांबतो का? आजारी माणसाला थांबता येत नाही, कारण ते त्याच्या हातात नसते.

तीन, समजते का? "डोळे मिटा", "उजवा हात वर करा" असे सांगून पाहा. चमचा किंवा किल्ली दाखवून नाव विचारा. एखादे साधे वाक्य मागोमाग म्हणायला लावा. जमत नसेल तर धोका आहे.

चार, बरोबर आणखी काही आहे का? तोंड वाकडे होणे, एका हाताची ताकद जाणे, ताप, झटके, घाम, डोक्याला मार, तीव्र डोकेदुखी.

अन्य भाषा बोलणाऱ्या बाईलाही लकवा होऊ शकतो, हे विसरू नये. प्रार्थना सभेत असतानाच तिचे तोंड वाकडे झाले किंवा सभा संपल्यावरही बोलणे ताळ्यावर आले नाही, तर "आत्मा उतरलाय" म्हणून थांबू नये.

काय करावे, काय करू नये?

शंका आली की पहिल्यांदा घड्याळ पाहा. शेवटचे नीट कधी बोलला ती वेळ कागदावर लिहा, डॉक्टर तीच विचारतात. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. चालू औषधांची पिशवी बरोबर घ्या. पेशंट मधुमेही असेल आणि घरी यंत्र असेल तर साखर तपासा. साखर कमी असेल आणि नीट गिळता येत असेल तरच साखरपाणी द्या. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, ते श्वासनलिकेत जाते. मनाने बीपीची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी देऊ नका.

भूत उतरवण्यासाठी मारणे, चटके देणे, धुरी देणे, बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो करणारा कोणत्या धर्माचा, हे कायदा पाहत नाही. मनाच्या आजाराबद्दल बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रार्थनेला जाणाऱ्या घरांना आमचे एकच सांगणे. प्रार्थना तुमची, तिच्यावर आम्ही बोलणार नाही. पण कोणी "आता गोळ्या सोड, तू बरी झालीस" म्हणाले तर ऐकू नका. फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर न थांबणारे झटके येतात. टीबीचे औषध मध्येच सोडले तर पुढे तेच औषध लागू पडत नाही. इन्सुलिन बंद केले तर काही दिवसांत जिवावर बेतते.

आणि प्रार्थनेला न जाणाऱ्या घरांना हेही सांगणे. जाऊबाईची नक्कल करून हसू नका. दिवसभर दुसऱ्याची भांडी घासणाऱ्या, घरात मान खाली घालून वावरणाऱ्या बाईला आठवड्यातला एक तास मोठ्याने बोलायला, रडायला मिळतो. त्याने तिला हलके वाटत असेल तर ते हलके वाटणे खरे आहे. तिला खरेच विचारायचे असेल तर असे विचारा, "बाई, तुझ्या मनात एवढे काय साठले आहे?" ती ते मराठीत सांगेल. ऐकायला मात्र कोणीतरी बसले पाहिजे.